दुसऱ्या ओएसवर सायंटिफिक कोड: कंपाइल झाला, पण उत्तर तेच आहे का?

दशांशचिन्ह

लिनक्सवर वर्षानुवर्षं चालणारा फॉरट्रान-सीचा कोड मॅकवर किंवा विंडोजवर न्यायचा म्हटलं की पहिला मोह होतो तो नव्या मशीनवर सोर्स उतरवून थेट मेक (बिल्ड करणारी कमांड) मारायचा. मग दोन दिवस एरर निस्तरायच्या, बायनरी तयार झाली की एखादं उदाहरण चालवायचं आणि आकडे ‘साधारण सारखे’ दिसले की सुटलो. हा धागा त्या ‘साधारण’साठी काढलाय.

कमांड आणि फ्लॅग उच्चाराप्रमाणे नागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग.

माझ्या मते पोर्टिंगचं निम्मं काम नवं मशीन उघडायच्या आधी, जुन्यावरच होतं.

आधी संदर्भ-उत्तरं पूर्ण अचूकतेने साठवा. डबल प्रिसिजनच्या अपूर्णांकाला ५३ बिट मिळतात. छापलेला आकडा पुन्हा वाचल्यावर तोच यायचा तर १७ सार्थ अंक लागतात. लॉगमध्ये सहा अंक छापले असतील तर जुळले ते सहाच अंक, पुढचं कुणी पाहिलेलंच नाही. फॉरट्रानमध्ये ईएस२५.१६ई३ हा फॉरमॅट वापरा. शेवटचा ई३ गाळू नका. घातांक तीन अंकी झाला की साध्या फॉरमॅटमधून ‘ई’ हे अक्षरच गळतं, ‘१.०-१२०’ असं काहीतरी छापलं जातं आणि तुलना करणारी पायथन स्क्रिप्ट तिथेच अडखळते. बिट-न्-बिट तुलना हवी असेल तर आकडा ट्रान्सफर या फंक्शनने ६४ बिटांच्या इंटिजरमध्ये घ्या आणि झेड१६.१६ने हेक्समध्ये छापा. सीच्या प्रिंटएफमधल्या ‘ए’ फॉरमॅटवर विसंबू नका. एकच आकडा वेगवेगळ्या लायब्ररी शून्यं कमीजास्त करून छापतात, आणि डिफ उगाच लाल होतो.

मग त्याच मशीनवर त्याच कोडचे पाच अवतार चालवा: -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद), -ओ२ (चालू), एक थ्रेड, चार थ्रेड आणि जमल्यास दुसरा कंपायलर. प्रत्येक राशी या पाचांत किती हलते ते टिपा. ही कोडची अंगभूत थरथर. एकूण ऊर्जा सापेक्ष १ई-१३ने (म्हणजे १०⁻¹³ने) हलत असेल आणि बलांचा सर्वांत मोठा फरक १ई-९ असेल, तर दोघांना एकच टॉलरन्स (चालवून घ्यायचा फरक) लावणं चूक आहे. नव्या ओएसवरचा फरक थरथरीच्या दहापटीत बसला तर पुढे जा. हजारपट दिसला तर थांबा.

आणि बदल एका वेळी एकच करा. इंटेलवरच्या लिनक्समधून थेट ॲपल चिपच्या मॅकवर उडी मारली की कंपायलर, सीपीयू, गणिती लायब्ररी, लिंकर आणि फाइलसिस्टिम एकदम बदलतात. उत्तर हललं तर बोट कुणाकडे दाखवणार? आधी जुन्याच मशीनवर नवा कंपायलर. मग त्या मॅकवरच आर्म (ॲपल चिपचं सीपीयू-घराणं) लिनक्सचा कंटेनर: सीपीयू नवा, ओएस जुनी. शेवटी खुद्द मॅकओएस. तीन पायऱ्या, आणि प्रत्येकीला तीच पाच उत्तरं.

---

जुनीमेकफाइल

वाचनखूण साठवली. मॅकवर बिल्डच्या वेळी काय काय तुटतं ते टाकतो.

‘जीसीसी’ (ग्नूचा कंपायलर) असं टाइप केलं की मॅकवर जे चालतं ते क्लँग, म्हणजे दुसराच कंपायलर असतो. खरं जीसीसी होमब्रू या पॅकेज मॅनेजरने घेतलंत तर त्याला आवृत्तीच्या नावाने हाक मारावी लागते, जीसीसी-१४ अशी. मेकफाइलमध्ये सीसी आणि एफसी (सी आणि फॉरट्रान कंपायलरची नावं) स्पष्ट लिहा. नाहीतर अर्धी ऑब्जेक्ट क्लँगची, अर्धी जीफॉरट्रानची (जीसीसीचा फॉरट्रान कंपायलर), आणि ओपनएमपीची (थ्रेड चालवणारी यंत्रणा) दोन रनटाइम एकाच बायनरीत. ॲपलचं क्लँग ओपनएमपीचा नुसता फ्लॅग घेतही नाही. लिबओएमपी वेगळी बसवून तो फ्लॅग प्रीप्रोसेसरमार्फत द्यावा लागतो.

मॅकबरोबर येणारं ग्नू मेक ३.८१ आहे आणि बॅश ३.२. नव्या मेकच्या सोयी वापरल्या असतील तर जीमेक बसवा. सेडचा -आय तिथे बॅकअपचं एक्स्टेन्शन मागतो, ते रिकामं का होईना द्यावंच लागतं. कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये हे लपलेलं असतं, आणि एरर भलत्याच ठिकाणी येते.

सर्वांत वाईट सापळा फाइलसिस्टिमचा. मॅकची फाइलसिस्टिम मूळ सेटिंगमध्ये कॅपिटल-स्मॉल अक्षरं वेगळी मानत नाही. जुन्या फॉरट्रान कोडांत एक नियम हमखास असतो: मोठ्या ‘एफ’चं एफ९० प्रीप्रोसेसरमधून काढून लहान ‘एफ’चं एफ९० तयार करा. मॅकवर त्या दोन्ही एकच फाइल! शेल आधी आउटपुट फाइल रिकामी करतो आणि मग प्रीप्रोसेसर तीच वाचायला जातो. सोर्स शून्य बाइट. वर मेक क्लीन मारलंत तर उरलंसुरलंही पुसलं जातं. यावर उपाय म्हणजे तो नियमच काढून टाकायचा. जीफॉरट्रान मोठ्या ‘एफ’ची फाइल स्वतःच प्रीप्रोसेस करतं.

आणखी एक, हे ओएसचं नाही पण ओएस बदलतानाच पुढ्यात येतं. जुन्या लिनक्सवर जीसीसी ८ असतं, मॅकवर होमब्रू ताजं देतं. जीसीसी १० पासून आर्ग्युमेंटचा प्रकार किंवा रँक न जुळणं ही वॉर्निंग राहिली नाही, एरर झाली. एमपीआयच्या (प्रोसेसांमध्ये संदेश पाठवणारी लायब्ररी) जुन्या कॉलांवर अशा शंभर एरर पडतात. -एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅचने त्या पुन्हा वॉर्निंग होतात. पण सगळ्या एकदा डोळ्यांखालून घाला, त्यांत दोन-चार खऱ्या चुका सापडतातच.

---

प्रश्नार्थक

माहितीपूर्ण. एक शंका. मॅकवर ब्लास-लॅपॅकसाठी (मॅट्रिक्सच्या गणिताच्या लायब्ररी) ॲपलचं ॲक्सेलरेट फ्रेमवर्क जोडलं. लिंक बिनतक्रार झालं, डीजेमही (मॅट्रिक्स गुणाकार) बरोबर चालतं, पण झेडडॉटसीच्या (कॉम्प्लेक्स डॉट-गुणाकार) ओळीवर सेगमेंटेशन फॉल्ट. एसडॉट (सिंगल प्रिसिजनचा डॉट-गुणाकार) तर नुसता कचरा देतं. लायब्ररी बिघडली आहे का?

---

उरलेलाबाइट

लायब्ररी ठणठणीत आहे, फक्त बोली वेगळी आहे. ॲक्सेलरेटचा जुना इंटरफेस एफ२सीची (फॉरट्रानचं सी करणारा जुना प्रोग्राम) पद्धत पाळतो. त्या पद्धतीत सिंगल प्रिसिजनचं फंक्शन उत्तर डबलमध्ये परत करतं, आणि कॉम्प्लेक्स फंक्शन उत्तरासाठी एक छुपं पहिलं आर्ग्युमेंट मागतं. जीफॉरट्रान ते देत नाही. मग फंक्शन तुमच्या ‘एन’चा पत्ता उत्तर ठेवायची जागा समजतं आणि पुढची सगळी आर्ग्युमेंट एकेका घराने सरकतात. डीजेम ही सबरूटीन, परत काहीच करत नाही, म्हणून ती सुरक्षित.

सोपा मार्ग म्हणजे ओपनब्लास बसवणं. ॲक्सेलरेटच हवं असेल तर सीडॉटसी, सीडॉटयू, झेडडॉटसी, झेडडॉटयू यांच्याभोवती सीब्लासच्या (ब्लासचा सी इंटरफेस) ‘सब’ आवृत्त्यांचं छोटं वेष्टन लिहा. एसडॉट, एसएनआरएम२, एसएएसयूएमलाही तसंच. अख्ख्या कोडला -एफएफ२सी लावायचा सल्ला मिळतो, पण मग बाकीच्या सगळ्या फॉरट्रान लायब्ररीही त्याच फ्लॅगने बांधायला लागतात. मी तरी त्या वाटेला जाणार नाही. मॅकओएस १३.३ पासून ॲक्सेलरेटमध्ये नवं लॅपॅक आलंय, पण ते वेगळ्या मॅक्रोने मागावं लागतं. जुन्या नावांनी लिंक केलंत तर जुनंच मिळतं.

---

खाटखूट

मुख्य मुद्द्यावर येतो. मॅकवर, किंवा कुठल्याही ६४ बिट आर्मवर, उत्तरं हलण्याचं पहिलं कारण म्हणजे एफएमए, गुणाकार-बेरीज एकाच राउंडिंगमध्ये. एक्स८६-६४च्या (इंटेल-एएमडीचे सीपीयू) पायाभूत संचात ही इन्स्ट्रक्शन नाही. -मार्च या फ्लॅगने हॅसवेल किंवा त्यापुढचा सीपीयू स्पष्ट सांगितला तरच येते. आर्म ६४ मध्ये ती मुळातच आहे. आणि जीसीसीची मूळ सेटिंग आहे -एफएफपी-काँट्रॅक्ट=फास्ट. म्हणजे त्याच -ओ२ने एका मशीनवर दोन राउंडिंग होतात आणि दुसऱ्यावर एक. क्लँग १४ पासून तेही हे करतं, पण एकाच एक्स्प्रेशनच्या आत. जीसीसी दोन वाक्यांच्या सीमा ओलांडूनही करतं.

नमुना म्हणून √(क्ष² − य²) घ्या, आणि दोन्ही चलांत ०.१ आहे असं समजा. एफएमए नसेल तर दोन्ही वर्ग सारखेच राउंड होतात, वजाबाकी शून्य, मूळ शून्य. एफएमए असेल तर एकच वर्ग राउंड होतो, दुसरा अचूक राहतो. डबलमधल्या ०.१चा अचूक वर्ग त्याच्या राउंड केलेल्या वर्गापेक्षा सुमारे ८.३३ई-१९ने लहान आहे. कंपायलरने य² आधी राउंड करून क्ष² एफएमएत घेतला तर वजाबाकी −८.३३ई-१९, आणि वर्गमूळ नॅन (‘हा आकडाच नाही’). उलट केलं तर +८.३३ई-१९, आणि मूळ ९.१ई-१०. एकाच ओळीची तीन उत्तरं, आणि तिन्ही आयईईई ७५४च्या (फ्लोटिंग-पॉइंट गणिताचं स्टँडर्ड) नियमांत बसतात! करून पाहणार असाल तर ०.१ कीबोर्डवरून वाचा. कोडमध्येच लिहिलात तर कंपायलर आधीच आकडेमोड उरकून मोकळा होतो.

कोडमध्ये अशी जागा शोधायची तर -एफएफपी-काँट्रॅक्ट=ऑफ लावून सगळं पुन्हा बांधा. फरक थरथरीच्या पातळीवर आला की कारण सापडलं.

---

समांतर

मग तो ऑफ कायमचाच का ठेवू नये? दोन्हीकडे सारखं उत्तर, डोक्याला ताप नाही.

---

खाटखूट

असहमत. एफएमएचं उत्तर सहसा अधिक अचूक असतं, आणि मॅट्रिक्सच्या आतल्या लूपमध्ये वेग चांगलाच पडतो. शिवाय ब्लास तुमचा फ्लॅग कुठे मानते? ती आधीच बांधलेली आहे. ऑफ हे निदानाचं साधन, उपचार नव्हे. उपचार करायचा तो त्या ओळीवर: (क्ष − य)(क्ष + य) असं लिहा. त्यात क्ष आणि य सारखे असले की वजाबाकी नेमकी शून्यच येते, एफएमए असो वा नसो.

---

उरलेलाबाइट

+१. आणि आर्मच्या दोन गोष्टी यात जोडतो, कारण त्या चूक लपवतात.

फ्लोटचा इंटिजर करताना आकडा मावत नसेल तर भाषा हात वर करते आणि निर्णय सीपीयूवर जातो. ३ई९ हा ३२ बिटांत कोंबला तर एक्स८६ देतं −२१४७४८३६४८, आर्म देतं २१४७४८३६४७. नॅनचं एक्स८६वर पुन्हा तेच −२१४७४८३६४८, आर्मवर शून्य. आता ग्रिडचा इंडेक्स काढणारी ओळ आठवा: इंट(क्ष/डीएक्स). क्ष नॅन झाला तर इंटेलवर प्रोग्राम जागीच कोसळतो. आर्मवर इंडेक्स शून्य येतो, ॲरेच्या सुरुवातीच्या एक घर अलीकडचं वाचलं जातं आणि रन सुखाने पूर्ण होतो.

इंटिजरला शून्याने भागणंही तसंच. एक्स८६ सिग्नल देऊन थांबवतं, आर्म मुकाट शून्य देतं. म्हणून नव्या मशीनवर पहिला बिल्ड नेहमी -एफचेक=ऑल (ॲरेच्या सीमा वगैरे तपासणारा) आणि -एफइनिट-रिअल=एसनॅन (चलांत आधी नॅन भरणारा) लावून -ओ०ने करावा. ‘क्रॅश होत नाही’ हा तिथे पुरावाच नाही.

---

प्रश्नार्थक

लाँग डबल वापरून बेरजा केल्या आहेत, अचूकता वाढावी म्हणून. त्याचं काय होतं?

---

उरलेलाबाइट

ओएसनुसार चार तऱ्हा. इंटेल लिनक्सवर ८० बिट, १६ बाइटांत ठेवलेले. आर्म लिनक्सवर खरे १२८ बिट, पण सगळं सॉफ्टवेअरने, त्यामुळे संथ. ॲपल चिपच्या मॅकवर आणि विंडोजच्या एमएसव्हीसीत (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) तो साधा डबलच. मिनजीडब्ल्यूवर (विंडोजवरचं जीसीसी) पुन्हा ८० बिट. म्हणजे अचूकता वाढवायला घातलेली बेरीज मॅकवर काहीच वाढवत नाही, आणि कुणी सांगतही नाही. लाँग डबल काढा, त्याजागी काहानची भरपाईची बेरीज टाका. मात्र ती -एफफास्ट-मॅथखाली (गणिताचे नियम सैल करणारा फ्लॅग) टिकत नाही. कंपायलर भरपाईचं पद बीजगणिताने शून्य ठरवून उडवतो. तेवढी एक फाइल त्या फ्लॅगशिवाय बांधायची.

इंटेलचे कंपायलर मूळ सेटिंगमध्येच यातल्या बऱ्याच सवलती घेतात, हेही ध्यानात असू द्या. त्यांना एफपी-मॉडेल=प्रिसाइज सांगितल्याशिवाय तुलनेला बसवू नका.

---

जुनीमेकफाइल

विंडोजबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

डब्ल्यूएसएल२ला (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मी पोर्ट मानत नाही. तो खरा लिनक्स कर्नल आहे, त्यावर तीच ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी). काम भागत असेल तर खुशाल वापरा, फक्त डेटा लिनक्सच्या बाजूच्या डिस्कवर ठेवा. सी ड्राइव्ह माउंट करून लाखो छोट्या फाइली वाचायला गेलात तर रडकुंडीला याल.

खरा विंडोज बिल्ड एमएसवायएस२मध्ये (विंडोजवर जीसीसी वगैरे साधनं देणारा संच) यूसीआरटी६४च्या शेलमधून करा. नुसत्या एमएसवायएस शेलमधलं जीसीसी वापरलंत तर बायनरी सिग्विनसारख्या थरावर अवलंबून राहते. मग उत्तरं हलायची कारणं:

‘लाँग’ विंडोजवर ३२ बिटांचा, लिनक्स-मॅकवर ६४. ६०००० × ६०००० मॅट्रिक्सच्या घरांची संख्या ३६० कोटी. लाँगमध्ये मोजलीत तर ती ऋण येते. सगळीकडे इंट६४_टी किंवा साइज_टी करा आणि प्रिंटएफचे फॉरमॅटही बदला.

फाइल ‘बी’शिवाय उघडली तर टेक्स्ट मोड लागतो. लिहिताना बायनरीतल्या प्रत्येक १० या बाइटच्या आधी १३ घुसतो, आणि वाचताना २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असं समजलं जातं. आकड्यांच्या फाइलीत २६ कुठेतरी येणारच. फाइल नेमकी अर्धवट वाचली जात असेल तर दुसरीकडे शोधूच नका.

स्टॅक मूळ सेटिंगमध्ये एमएसव्हीसीत १ मेगाबाइट, मिनजीडब्ल्यूत २. लिनक्सवर सहसा ८. स्टॅकवरचा ६०० × ६००चा डबल ॲरे म्हणजे सुमारे २९ लाख बाइट. लिनक्सवर मावतो, विंडोजवर प्रोग्राम एक ओळही न छापता मरतो. लिंकरला १६७७७२१६ एवढा स्टॅक मागा, नाहीतर ॲरे ॲलोकेटेबल करा. दुसरं चांगलं.

फाइलींची नावं: कोलन (:) चालत नाही. वेळेचे शिक्के नावात घालणारी मॉडेलं इथे अडतात. डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलमध्ये त्यासाठी नोकोलन्स हा पर्यायच दिलेला आहे. ‘ऑक्स.सी’ किंवा ‘कॉन.एफ९०’ नावाची फाइल तर सोर्समधून नीट उतरतच नाही. ती नावं डॉसच्या काळापासून राखीव आहेत.

---

समांतर

स्टॅकवरून आठवलं. जीफॉरट्रान एरवी मोठे स्थानिक ॲरे स्टॅटिक मेमरीत ठेवतं. ओपनएमपीचा फ्लॅग लावला की तेच ॲरे स्टॅकवर येतात, कारण प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत हवी. याचे परिणाम दोन. मॅकवर दुय्यम थ्रेडचा मूळ स्टॅक ५१२ किलोबाइटच असतो, म्हणून ओएमपी_स्टॅकसाइझ ६४एम वगैरे ठेवावा लागतो. यूलिमिटने मुख्य थ्रेडचा वाढवून याला उपयोग नाही. दुसरा परिणाम जास्त वाकडा. स्टॅटिक मेमरी सुरुवातीला शून्य असते आणि दोन कॉलांमध्ये किंमत टिकवते. ॲरे शून्य करायला विसरलेला कोड त्या कृपेवर चाललेला असतो. ओपनएमपी लावताच तो बिघडतो आणि दोष थ्रेडिंगला मिळतो. एका थ्रेडवरही उत्तर चुकत असेल तर रेस कंडिशन (थ्रेडांची आपसातली शर्यत) शोधत बसू नका, इनिशियलायझेशन शोधा.

---

लोलक

आता पडताळणीकडे. वर दशांशचिन्ह यांनी टॉलरन्स सांगितला, पण काही राशींची तशी तुलना करणंच चुकीचं.

आयगेनव्हेक्टर (अव = λव पाळणारा व्हेक्टर व; λ ही त्याची आयगेनव्हॅल्यू) घ्या. चिन्ह कुठलंही चालतं, आणि दोन आयगेनव्हॅल्यू सारख्या असतील तर त्या प्रतलातला कुठलाही जोड चालतो. लायब्ररी बदलली की व्हेक्टर बदलणार. तपासायचं ते शेषपद: ‖अव − λव‖ भागिले (‖अ‖ × एन × एप्सिलॉन); एन म्हणजे मॅट्रिक्सचा आकार, एप्सिलॉन म्हणजे मशीनच्या राउंडिंगचं माप. लॅपॅकची स्वतःची चाचणी हेच करते आणि गुणोत्तर ठरलेल्या मर्यादेच्या (साधारण ३०) वर गेलं तरच नापास धरते. तिथे हजारो चाचण्यांत एखादी ३२ किंवा ३५वर अडकली तर घाबरायचं कारण नाही. १ई५ दिसलं तर बिल्ड टाकून द्या. डीएलॅमसीएच ही फाइल जुन्या आवृत्त्यांत ऑप्टिमायझेशनशिवाय बांधायची असते, आधी तिथे पाहा.

मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन) किंवा हवामान: या प्रणालीच केऑटिक. शेवटच्या बिटातला फरक घातांकी वेगाने वाढतो आणि काही हजार पायऱ्यांनी दोन मार्ग पूर्ण वेगळे. पायरी १००००ला अणूंच्या जागा जुळत नाहीत म्हणून बिल्ड चुकीचा ठरत नाही, आणि जुळाव्यात असा हट्टही चालत नाही. मी तीन ठिकाणी पाहतो.

शून्याव्या पायरीला ऊर्जेचा प्रत्येक घटक आणि बलं. अजून काहीच वाढलेलं नसतं, म्हणून टॉलरन्स कडक. इथे १ई-६चा फरक असेल तर ती चूकच, केऑस नव्हे.

पहिल्या शंभर पायऱ्यांत फरकाचा लॉग-आलेख. सरळ रेषेत हळूहळू चढत असेल तर स्वाभाविक. मध्येच एका पायरीला उडी असेल तर त्या पायरीला काय झालं ते पाहा. बहुधा शेजाऱ्यांची यादी नव्याने बनते आणि एखादी जोडी कटऑफच्या अल्याडपल्याड पडते.

तिसरं मला सर्वांत आवडतं, कारण त्याला जुनं मशीन लागतच नाही. व्हेलॉसिटी व्हर्लेत (अणूंची गती पायरीपायरीने पुढे नेण्याची पद्धत) ऊर्जेचं डोलणं कालपायरीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. २, १ आणि ०.५ फेम्टोसेकंदांनी तीन रन करा; दर निम्म्याला डोलणं साधारण एक चतुर्थांश व्हायला हवं. नाही झालं तर बल आणि विभव एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा कुठेतरी सिंगल प्रिसिजन शिरलंय.

हवामान मॉडेलांत सुरुवातीच्या तापमानात १ई-१४ एवढा टोचा देऊन अनेक रनांचा समूह करतात, आणि नव्या मशीनचे रन त्या समूहाच्या पसाऱ्यात बसतात का ते संख्याशास्त्राने ठरवतात. सीईएसएम या हवामान मॉडेलची तपासणी याच धाटणीची आहे. छोट्या कोडलाही तीस-चाळीस रनांत हे जमतं.

---

प्रश्नार्थक

माँटे कार्लो (यादृच्छिक आकड्यांवर चालणारं गणित) असेल तर? सीड तोच दिला, तरी मॅकवर पहिल्याच पायरीपासून वेगळं.

---

खाटखूट

सीड तोच, पण जनरेटर तोच कुठे आहे? फॉरट्रानचं रँडम_नंबर कुठल्या अल्गोरिदमने चालावं हे स्टँडर्ड सांगत नाही. जीफॉरट्राननेच ७व्या आवृत्तीत आपला बदलला. सीचं रँड त्याहून वाईट: विंडोजवर रँड_मॅक्स ३२७६७, ग्लिबसीवर २१४७४८३६४७. ३२७६८ वेगवेगळ्या किमतींवर माँटे कार्लो करू नये, एवढंच म्हणतो.

सी++मध्ये एमटी१९९३७ हा जनरेटर स्टँडर्डने बांधलेला आहे. मूळ सीडने दहा हजारावा आकडा ४१२३६५९९९५ यायलाच हवा, कुठल्याही ओएसवर. ही चाचणी टाकूनच ठेवा. पण नॉर्मल_डिस्ट्रिब्यूशन बांधलेलं नाही. तोच जनरेटर असूनही लायब्ररीनुसार वेगळे आकडे देतं. बॉक्स-म्युलर (नॉर्मल आकडे बनवायची पद्धत) दहा ओळींचं आहे, स्वतः लिहा. त्यातले लॉग आणि कोसाइन शेवटच्या बिटात हलतील, ते चालतं. आणि आकडे मागण्याचा क्रम थ्रेडवर अवलंबून ठेवू नका, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

---

समांतर

याच माळेतलं: एफएफटीडब्ल्यू (फूरिये रूपांतराची लायब्ररी) मेझर मोडमध्ये प्लॅन बनवताना घड्याळ लावून अल्गोरिदम निवडतं. त्यामुळे एकाच मशीनवर दोन रन शेवटच्या बिटांत वेगळे येऊ शकतात. पडताळणीपुरता एस्टिमेट मोड ठेवा. आणि जुन्या मशीनची विज्डम फाइल (साठवलेले प्लॅन) नव्यावर नेऊ नका.

---

जुनीमेकफाइल

बायनरी डेटाबद्दल दोन ओळी. आज इंटेल, आर्म सगळे लिटल-एंडियन (आकड्याचा सर्वांत लहान बाइट आधी ठेवणारे), तरी जुन्या रिस्टार्ट फाइली बिग-एंडियन निघतात. जीफॉरट्रानला -एफकन्व्हर्ट=बिग-एंडियन द्या. डायरेक्ट ॲक्सेसची रेकॉर्डलांबी इंटेल फॉरट्रान मूळ सेटिंगमध्ये ४ बाइटांच्या शब्दांत मोजतो, जीफॉरट्रान बाइटांत. आरईसीएल=१००० लिहून तयार केलेली फाइल मग चौपट लांब रेकॉर्डांची असते. वाचणाऱ्याला एरर येत नाही, भलतेच आकडे येतात. इंटेलला बाइटरेक्ल सांगा किंवा कोडमध्ये इन्क्वायर आयओलेंग्थ वापरा.

आणि मॅकवर तयार बायनरी दुसऱ्याला देताना ऑटूल -एलने (जोडलेल्या लायब्ररी दाखवणारी कमांड) पाहा. होमब्रूचे पूर्ण पत्ते आत दिसले तर त्याच्याकडे ती चालणार नाही. इन्स्टॉल_नेम_टूलने ते आरपाथवर (चालताना लायब्ररी शोधायचा मार्ग) आणा. त्याने ॲपल चिपवर सही मोडू शकते आणि मग प्रोग्राम ‘किल्ड: ९’ म्हणून संपतो. तसं झालं तर कोडसाइनने पुन्हा तात्पुरती सही करायची.

---

प्रश्नार्थक

-ओ०ला उत्तर बरोबर, -ओ२ला चौथ्या अंकात फरक. एफएमए बंद करूनही तसंच. ६४ सोर्स फाइली आहेत. कंपायलरचा बग म्हणायचा का?

---

दशांशचिन्ह

ते शेवटी म्हणायचं. आधी दुभाजन करा. सगळ्या ६४ फाइलींची ऑब्जेक्ट दोन डिरेक्टरींत बांधा, एकीत -ओ०, दुसरीत -ओ२. मग निम्मी इकडची, निम्मी तिकडची घेऊन लिंक करा. फरक राहिला तर -ओ२च्या निम्म्यात दोषी आहे, गेला तर उरलेल्यात. सहा लिंकमध्ये एक फाइल हाती लागते. पुन्हा कंपाइल करायला लागत नाही, त्यामुळे अर्ध्या तासाचं काम. मग त्या फाइलीतल्या प्रत्येक सबरूटीनच्या तोंडाशी आणि शेवटी बेरजा हेक्समध्ये छापा आणि पहिली वेगळी ओळ शोधा. छापण्याची ओळ घातल्यावर फरकच नाहीसा झाला तर तो बहुधा इनिशियलाइझ न केलेला चल किंवा ॲरेबाहेरचं लिहिणं; दुसऱ्यासाठी ॲड्रेस सॅनिटायझर लावा, पहिल्यासाठी व्हॅलग्रिंड. ॲपल चिपवर व्हॅलग्रिंड सहजी मिळत नाही, त्यासाठी लिनक्सचा कंटेनर वापरा.

तुलना करणारी स्क्रिप्टही एकदा तपासा. ‘फरक टॉलरन्सपेक्षा मोठा असेल तर नापास’ असं लिहिलं असेल तर नॅनचा प्रत्येक आकडा पास होतो, कारण नॅनशी केलेली कुठलीही लहान-मोठी तुलना खोटीच ठरते. ‘फरक टॉलरन्सइतका किंवा लहान नसेल तर नापास’ असं उलटं लिहा. आणि ती तुलना सीमध्ये असेल तर ती फाइल -एफफास्ट-मॅथने बांधू नका. त्या फ्लॅगखाली नॅन अस्तित्वातच नाहीत असं कंपायलर धरून चालतो आणि तुमची उलटी अट पुन्हा सुलटी करून टाकतो.